सातारा ते सॅन फ्रान्सिस्को: तिकीट काढण्यापूर्वी

पुणे, २ फेब्रुवारी

चि. बाळू यास मावशीचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले तिन्ही पर्याय चष्मा पुसून नीट पाहिले. ताई आणि भाऊजी एप्रिलमध्ये पहिल्यांदाच तुझ्याकडे येणार, त्यामुळे तिकिटाची तुझी घाई मला कळते. तू विचारलं आहेस, मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को नक्की अंतर किती आणि कमीत कमी तासांत कोण पोचवतं? पहिल्याचं उत्तर सोपं आहे: पृथ्वीच्या पाठीवरून मोजलं तर सुमारे १३,५०० किलोमीटर. पण तिकीट काढताना सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा हाच. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मात्र हे सगळं पत्र लागणार आहे. उभा जन्म तिकीट काउंटरवर गेला माझा, तेव्हा मावशीचं एवढं ऐक.

आधी त्या १३,५०० किलोमीटरचं बघू. भिंतीवरच्या नकाशात मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोला रेघ ओढलीस तर ती अरबी समुद्र, आफ्रिका, अटलांटिक अशी आडवी जाते. ती खोटी रेघ आहे. घरात पृथ्वीचा गोल असेल तर मुंबईवर आणि सॅन फ्रान्सिस्कोवर बोट ठेवून मधे दोरा ताण. दोरा मुंबईतून जवळजवळ सरळ उत्तरेला निघतो, हिमालय ओलांडतो, सैबेरियावरून वर चढत आर्क्टिक महासागरात ७६-७७ अंश अक्षांशापर्यंत जातो आणि पलीकडून अलास्का, कॅनडा करत खाली कॅलिफोर्नियात उतरतो. अंतर म्हणून जो आकडा छापतात तो या दोऱ्याचा.

विमान मात्र दोऱ्यावरून जात नाही. तिबेटच्या पठारावर जमीनच इतकी उंच आहे की केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झटकन खाली यायला जागा उरत नाही, म्हणून तो टापू विमानं शक्यतो टाळतात. बाकीचा रस्ता राजकारण ठरवतं. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि युरोप-अमेरिकेच्या विमान कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं. हेलसिंकीहून टोकियोला जाणारं फिनएअरचं विमान पूर्वी साडेनऊ तासांत पोचायचं. त्याला आता तेरा तासांच्या आसपास लागतात. दोन्ही गावं जागच्या जागी आहेत. आपल्याकडे २०१९ मध्ये पाकिस्तानने काही महिने आकाश बंद केलं होतं, २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतीय विमानांना पुन्हा बंद केलं. उत्तर भारतातून अमेरिकेला न थांबता जाणाऱ्या काही विमानांना त्या काळात वाटेत व्हिएन्नासारख्या ठिकाणी तेल भरायला उतरावं लागलं. म्हणून आज जे विमान विनाथांबा दिसतंय ते एप्रिलमध्येही तसंच असेल असं गृहीत धरू नकोस. आणि फ्लाइट नंबर एकच आहे म्हणजे विमान मधे उतरणार नाही, असंही नाही. तिकिटावर थांबे शून्य आहेत की एक, हे स्वतः वाचून घे.

आता वारा. याच एका गोष्टीमुळे अंतर आणि वेळ यांचं गणित पार उलटंपालटं होतं. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विमानाचा स्वतःचा वेग ताशी नऊशे किलोमीटर धर. हा वारा ताशी दीडशे-दोनशेने पाठीवर आला की तेवढी भर पडते, तोंडावर आला की तेवढी घट होते. माहुलीला कृष्णेच्या धारेबरोबर पोहणं आणि धारेविरुद्ध पोहणं यात जो फरक, तोच इथे. २०२० च्या फेब्रुवारीत अटलांटिकवर वादळ असताना ब्रिटिश एअरवेजचं एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासही न लागता पोचलं. एरवी त्याला साडेसहा-सात तास लागतात.

तुझ्याच गावाचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान सुरुवातीला पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जायचं. तो रस्ता सुमारे १३,९०० किलोमीटरचा, वेळ साडेसोळा तासांच्या आसपास. २०१६ च्या ऑक्टोबरात त्यांनी विमान उलट बाजूने, पूर्वेकडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. रस्ता झाला १५,३०० किलोमीटरचा, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त, आणि वेळ साडेचौदा तास, म्हणजे जवळजवळ दोन तास कमी. वारा पाठीशी होता, एवढंच कारण.

आता तू पाठवलेले तीन पर्याय यावर घासून बघ.

पहिला दुबईमार्गे. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, सव्वातीन तास. दुबई-सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,००० किलोमीटर, पावणेसोळा तास. बेरीज पंधरा हजार किलोमीटरच्या आतबाहेर, बसण्याचे तास एकोणीस.

दुसरा लंडनमार्गे. मुंबई-लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, साडेनऊ-दहा तास. लंडन-सॅन फ्रान्सिस्को सुमारे ८,६०० किलोमीटर, अकरा तास. बेरीज १५,८००, बसण्याचे तास वीस-एकवीस.

तिसरा सिंगापूरमार्गे. मुंबई-सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर, साडेपाच तास. सिंगापूर-सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,६०० किलोमीटर, पंधरा तासांच्या आसपास. बेरीज १७,५००, आणि बसण्याचे तास पुन्हा वीस-एकवीसच.

लंडनपेक्षा सिंगापूरचा रस्ता सतराशे किलोमीटर लांब आणि तास तेवढेच, कारण सिंगापूरहून तुझ्याकडे येताना वारा पाठीवर असतो. पण परतीला तोच तोंडावर येतो, म्हणून जाण्याचे तास बघून परतीचे गृहीत धरू नकोस. दोन्ही वेगवेगळे वाच. आणि वीस-पंचवीस मिनिटांच्या फरकावरून एक विमान दुसऱ्यापेक्षा चांगलं ठरवू नकोस. तिकिटावरचा वेळ विमान दारापासून हलल्यापासून पुढच्या विमानतळावर दाराशी लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीकडे रांगेत सरकणं, उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालणं, हे सगळं कंपन्या अंदाजाने त्यात धरून ठेवतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी धड वापरता येत नाहीत. साधं मुंबई-दिल्लीचं विमान हवेत असतं पावणेदोन तास, पण वेळापत्रकात सव्वादोन तास लिहिलेलं असतं ते काही उगीच नव्हे.

बेरीज सारखी असली तरी तासांची वाटणी सारखी नाही, आणि तिकीट काढताना हीच वाटणी बघायची असते. दुबईच्या रस्त्यात सव्वातीन आणि पावणेसोळा. लंडनच्या रस्त्यात साधारण दहा आणि अकरा. तू पस्तिशीचा आहेस, तुला सोळा तास म्हणजे तीन सिनेमे आणि एक झोप. ताईचे गुडघे तुला ठाऊक आहेत. भाऊजींना इन्सुलिन आहे आणि दर दोन तासांनी उठावं लागतं. खिडकीशी बसलं की मधल्या माणसाला उठवायचा संकोच, म्हणून ते पाणीच कमी पितात. हे मी काउंटरवरून शेकडो आई-वडिलांच्या तोंडून ऐकलंय. चार तासांहून लांबच्या प्रवासात एका जागी बसून राहिलं की पायातल्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि बसण्याचे तास वाढतात तसा तो वाढत जातो. शिवाय विमानातली हवा आपल्या गावच्या हवेसारखी नसते. केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे तुझे आई-बाबा महाराष्ट्रातल्या सर्वात उंच शिखराहूनही उंच जागी, अतिशय कोरड्या हवेत, सोळा तास हलता न येता बसलेले असणार. निरोगी माणसाला त्याने काही होत नाही, पण भाऊजींची दोन वर्षांपूर्वीची अँजिओप्लास्टी लक्षात घेऊन तिकिटाआधी त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचार. विचारताना 'अमेरिकेला चाललेत' एवढंच सांगू नकोस. 'सलग इतके तास बसणार आहेत' असं सांग. उत्तर बदलतं.

आता घड्याळ. यात भले भले फसतात, कारण तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. दुबईच्या पर्यायावर तू लिहिलंस, 'रात्री दोनला निघून दुपारी सव्वाला पोचतात, बरं आहे.' बरं दिसतं खरं, सव्वाअकरा तासच वाटतात. पण एप्रिलमध्ये कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. ते मिळव, की पावणेचोवीस तास होतात: एकोणीस विमानात, पावणेपाच दुबईत. थंडीत तिकडचं घड्याळ आणखी एक तास मागे जातं आणि फरक साडेतेरा तासांचा होतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळ पुढे करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. आपल्याकडे ही भानगड नाही, त्यामुळे तारीख टाकूनच फरक मोज. परतीला हे उलटं होतं: बुधवारी संध्याकाळी निघालेली माणसं शुक्रवारी पहाटे मुंबईत उतरतात, आणि भाऊजी विचारणार, गुरुवार कुठे गेला?

रात्री दोनच्या विमानाचं आणखी एक सांगते, आणि हे अधोरेखित करून ठेव. मंगळवार रात्री ०२:०० म्हणजे सोमवारी रात्री जेवून निघायचं. माझ्या काउंटरवर एक जोडपं मंगळवारी संध्याकाळी हसतमुखाने आलं होतं, मुलीच्या बाळंतपणाला निघालेलं. बॅगेत डिंकाचे लाडू, हातात तिकिटाची प्रिंट, तारखेवर पेनने गोल केलेला. सगळं बरोबर होतं, फक्त विमान सतरा तासांपूर्वी गेलं होतं. आमच्या भाषेत त्याला 'नो-शो' म्हणतात. त्यानंतर मी मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक तिकिटावर हाताने लिहून द्यायचे: 'सोमवारी रात्री दहा वाजता विमानतळावर.' तूही ताईला तिकिटाचा पीडीएफ पाठवू नकोस. फ्रिजवर लावता येईल असा मराठीत लिहिलेला कागद पाठव. वार, वेळ, कुठे जायचं, इतकंच.

आणि तो प्रवास सहारला सुरू होत नाही, साताऱ्यात सुरू होतो. तुझ्या स्क्रीनवर 'बीओएम' दिसतं, ताईला पोवई नाका दिसतो. सातारा ते मुंबई विमानतळ साधारण अडीचशे-पावणेतीनशे किलोमीटर. पुण्याबाहेरची गर्दी, एक्स्प्रेस-वेवरचा घाट आणि मुंबईत शिरतानाची रांग धरली की पाच-सहा तास सहज जातात. मुंबईहून दुबईला एकोणीसशे किलोमीटर जायला त्याहून कमी लागतात! दोनच्या विमानासाठी साडेदहाला विमानतळावर हवं, म्हणजे हाताशी थोडा वेळ ठेवून दुपारी तीनला घर सोडायचं. पलीकडे सव्वाला उतरल्यावर इमिग्रेशन, बॅगा, कस्टम्स, मग तुझ्या गाडीतून सनीव्हेल: घरी पोचेपर्यंत चार वाजणार. आता सगळं एका घड्याळात मांड. सोमवारी दुपारी तीनला दार ओढलं, आणि तुझ्या दारात पाऊल ठेवलं तेव्हा साताऱ्यात बुधवारची पहाट, साडेचार. एकूण साडेसदतीस तास. त्यातले विमानातले एकोणीस. तू ज्या तासांची तुलना करत बसला आहेस ते प्रवासाचा अर्धा भाग आहेत, बाळू. उरलेल्या अर्ध्याबद्दल कुठलंच संकेतस्थळ तुला सांगत नाही.

म्हणून पहिला खर्च विमानावर करू नकोस. आदल्या दिवशी त्यांना मुंबईत आण. डोंबिवलीला तुझी काकू आहे. तिच्याकडे नको असेल तर अंधेरीत विमानतळाजवळ एक रात्र हॉटेल घे. साताऱ्याचा थकवा तिथे उतरला की पुढचे तास झेपतात. शिवाय टायर पंक्चर झाला, घाटात ट्रक उलटला, तरी हातात एक दिवस असतो.

आता मधला थांबा. तुला वाटतं थांबा जितका लहान तितकं बरं. तरुणाचं हे बरोबर आहे. कंपनीच्या संगणकाला सव्वा तास पुरतो, कारण त्याने विमानातून उतरणारा धडधाकट माणूस गृहीत धरलेला असतो. तुझे आई-बाबा विमानातून सगळ्यात शेवटी उतरणार, कारण त्यांच्यासाठी व्हीलचेअर मागायची आहे, आणि व्हीलचेअरवाले शेवटीच उतरतात. मग पुन्हा सिक्युरिटी, जिने, आतली ट्रेन किंवा बस, स्वच्छतागृह, आणि दर पाच मिनिटांनी 'अहो, पासपोर्ट कुठाय?' तीन तासांपेक्षा कमी थांबा घेऊ नकोस. सहापेक्षा जास्तही नको; बाकड्यावर बसून पाय सुजतात आणि झोपेचं तंत्र बिघडतं. तीन ते साडेचार उत्तम. दोन्ही विमानं एकाच टर्मिनलमधून आहेत का तेही बघ. मुंबईत देशांतर्गत विमानाने येऊन परदेशी विमान पकडणाऱ्यांची एक आणि दोन नंबरच्या टर्मिनलमध्ये, रस्त्यावरच्या गर्दीत, काय गत होते ते मी पाहिलंय. परक्या देशात तशी वेळ नको.

व्हीलचेअर दोघांसाठीही सांग, आणि ती तिकीट काढतानाच सांग. ताई म्हणेल, मी काय पांगळी आहे का? तिला सांग की खुर्ची गुडघ्यांसाठी नाही, वाट दाखवणाऱ्या माणसासाठी आहे. तो माणूस इमिग्रेशनच्या रांगेतून नेतो, गेट बदललं तर त्याला आधी कळतं. विमानात जेवण डायबेटिक आणि शाकाहारी दोन्ही मागता येतं का ते फोन करून विचार. नाही जमलं तर शाकाहारी मागव आणि ताईला थेपले, राजगिऱ्याच्या वड्या बरोबर घ्यायला सांग. मात्र उरलेलं सगळं उतरण्याआधी संपवायचं किंवा कस्टम्समध्ये जाहीर करायचं, हेही सांग. ताज्या फळाचा एक तुकडा कस्टम्समध्ये अर्धा तास खातो.

तुझ्या तिसऱ्या पर्यायाबद्दल. तो सगळ्यात स्वस्त आहे आणि तुझा जीव त्यातच अडकलाय, हे मला पैशांच्या खाली ओढलेल्या रेघेवरून कळलं. पण नीट बघ: मुंबई-सिंगापूर एका कंपनीचं, पुढचं दुसऱ्याच कंपनीचं, आणि पीएनआर दोन. म्हणजे कायद्याने ते दोन स्वतंत्र प्रवास आहेत. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं गेलं, तर दुसरी कंपनी म्हणणार, तुम्ही आला नाहीत. पहिली म्हणणार, आम्ही तुम्हाला सिंगापूरला पोचवलं, आमचं काम झालं. बॅगाही थेट पुढे जातीलच असं नाही. त्या घ्यायला इमिग्रेशनबाहेर यावं लागलं तर सिंगापूरचा व्हिसा लागू शकतो, आणि लागत असून तो नसेल तर मुंबईतच चेक-इनला अडवतील. एका पीएनआरवर सगळं असेल तर कनेक्शन चुकल्यावर पुढच्या विमानात बसवणं ही कंपनीची जबाबदारी. २०२५ च्या जूनमध्ये कतारने एका संध्याकाळी अचानक आकाश बंद केलं, तेव्हा आखातात किती माणसं खोळंबली आठव. तशा वेळी ज्यांच्या हातात एकच तिकीट असतं त्यांची सोय कुणीतरी करतं. दोन तिकिटंवाल्यांची त्यांच्या मुलांनी फोनवरून करायची असते, आणि त्या वेळी तुझ्याकडे रात्रीचे तीन वाजलेले असतील.

न्यूयॉर्क किंवा शिकागोमार्गे येणारं एखादं तिकीट दिसलं तर तेही आई-वडिलांसाठी घेऊ नकोस. अमेरिकेत ज्या गावी विमान पहिल्यांदा टेकतं तिथेच इमिग्रेशन होतं, तिथेच पट्ट्यावरून बॅगा उचलायच्या, कस्टम्स पार करायचं आणि बॅगा परत सोपवून पुढचं विमान गाठायचं. तेवीस किलोच्या चार बॅगा ताईने पट्ट्यावरून कशा ओढायच्या? थांबा अमेरिकेबाहेर असला की बॅगा सहारला दिल्या त्या तुझ्या गावीच मिळतात, आणि तिथे बाहेर तू उभा असतोस. इमिग्रेशनवाल्याने काही विचारलं तरी तू फोनवर हाकेच्या अंतरावर.

औषधांचं मी स्वतः ताईशी बोलेन, पण तुला ठाऊक असावं म्हणून लिहिते. इन्सुलिन आणि सगळ्या गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसकट. चेक-इनच्या बॅगेत एकही नाही. बॅग हरवू शकते आणि सामानाच्या कप्प्यातली थंडी इन्सुलिनला सोसत नाही. साडेबारा तासांच्या फरकात 'सकाळचं इन्सुलिन' कधी घ्यायचं हे भाऊजींनी अंदाजाने ठरवू नये. डॉक्टरांकडून तासांत लिहून घ्यावं, भारताच्या घड्याळाप्रमाणे. त्यासाठी एक हातातलं घड्याळ उतरेपर्यंत भारताच्याच वेळेवर ठेवावं. सीट दोघांनाही कडेची, पॅसेजला लागून, समोरासमोर. खिडकी कितीही आवडत असली तरी नको. आणि पायाचे घट्ट मोजे डॉक्टरांनी सांगितले तर घोट्यापर्यंतचे नाही, गुडघ्यापर्यंतचे.

उतरल्यावरचं तुझ्याकडे. शरीराचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास सरकतं, आणि इथे तर दिवसाची रात्र झालेली असते. पहिले आठ-दहा दिवस ती दोघं रात्री दोनला टक्क जागी असतील, दुपारी जेवता जेवता पेंगतील. त्याला आजारपण समजू नकोस आणि त्यांच्यावर चिडूही नकोस. रोज सकाळी त्यांना उन्हात चालायला ने. योसेमिटी, लॉस एंजेलिस, तुझ्या मित्रांकडची जेवणं, सगळं दुसऱ्या आठवड्यानंतर. तू सुट्टी पहिल्या आठवड्यात टाकली आहेस असं ताई म्हणाली. ती घरी बसण्यासाठी वापर.

इतकं सगळं सांगून माझं मत देत नाही असं कसं होईल? लंडनचा पर्याय घे. दुबईपेक्षा दोन तास आणि आठशे किलोमीटर जास्त आहेत, थोडे पैसेही जास्त आहेत. पण तिकीट एक, प्रवासाचे जवळजवळ सारखे दोन तुकडे, मधे साडेतीन तास पाय मोकळे करायला, आणि तू पाठवलेल्या त्या तिकिटात दोन्ही विमानं एकाच टर्मिनलवरची आहेत. दोघांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे, तरी ब्रिटनमधून नुसतं विमान बदलायला आजच्या घडीला काय नियम आहेत ते त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर तू स्वतः वाच. एजंटाच्या किंवा माझ्या शब्दावर जाऊ नकोस, हे नियम बदलत असतात. परतीलाही हाच रस्ता ठेव, म्हणजे एकदा पाहिलेला विमानतळ दुसऱ्यांदा परका वाटत नाही. आणि परतीच्या तिकिटाची तारीख बदलता येईल असं भाडं घे, कारण ताई एकतर महिनाभर आधी कंटाळेल नाहीतर महिनाभर जास्त राहीन म्हणेल.

१९४८ च्या जूनमध्ये एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला गेलं, ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत. तेव्हाही मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटरच होतं. अंतर कमी करण्याचं काम कुणालाच जमलेलं नाही, तुलाही जमणार नाही. तास कसे वाटायचे, एवढंच आपल्या हातात असतं, आणि ते बऱ्यापैकी असतं.

पैसे भरण्याआधी शेवटचं तिकीट मला पाठव. तारीख, वार, नावांची स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहेत का, हे मी एकदा बघते. भाऊजींच्या पासपोर्टवर आडनाव कसं लिहिलंय ते तुझ्या आठवणीवर सोडायची गोष्ट नाही. स्वस्त भाडं दोन दिवसांत जाईल म्हणशील, तर बुधवारी रात्री तुझं ऑफिस सुटल्यावर फोन कर. इकडे गुरुवारची सकाळ असेल, मी चहा घेऊन बसलेलीच असते.

सूनबाईंना आणि छोटीला आशीर्वाद.

तुझी,
मावशी